पडायची नोकरी

कंपनीत तिला सगळे धपाबाई म्हणत. नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं, कारण दिवसभर धपकन पडणं हेच तिचं काम होतं. म्हाताऱ्या माणसांनी मनगटावर बांधायचा एक पट्टा तिथे तपासला जाई. माणूस पडलं की पट्ट्याने घरच्या वायफायवरून नातेवाइकांच्या फोनवर बोंब ठोकायची, एवढंच त्याचं काम. कोणी त्याचा पासवर्ड फोडता येतो का ते बघे, कोणी त्याला पाण्यात बुडवून ठेवी, कोणी मध्येच वायफाय बंद करी. धपाबाई गादीवर पडे. पुढे, मागे, कुशीवर, खुर्चीवरून, पलंगावरून. चाळिशी उलटलेली बाई पडण्याचा पगार घेते, याची घरीदारी थट्टा व्हायची. "आमच्याकडे ही पडते म्हणून घर उभं आहे," असं नवरा येईल त्याला सांगे.

पट्टा आधी भलताच घाबरट होता. टाळी वाजवली तरी कोकलायचा. मग इंजिनियर लोकांनी त्याला जरा आवरलं आणि तो चांगला दणका बसल्याशिवाय तोंड उघडेना. धपाबाईच्याही अंगात हळूहळू मुरलं, कसं पडलं की हा वाजतो ते. एकदा जेवणानंतर अंग जड झालं होतं. ती भिंतीला धरून घसरत घसरत खाली बसली आणि कलंडली. पट्टा गप्प. 'हे काही पडणं नव्हे,' असं म्हणून ती उठली, झकास पडली, पट्टा वाजला, आणि तिने त्याला पास करून टाकलं. साहेब खूश झाले. म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारखं कोणी पडत नाही."

आई गेल्यावर तिला आत्याने वाढवलं होतं. आत्या आता थकली होती, पण आपल्या दोन खोल्या सोडून कुणाकडे राहायला यायचं नाव काढत नव्हती. तेव्हा पास झालेला एक पट्टा धपाबाईने तिच्याच मनगटावर बांधला. "आता काळजी सोड. पडलीस तर हा मला कळवेल. तू नुसती पडून राहा, उठायची धडपड करू नकोस, मी आलेच." आत्याने मान हलवली. आधी धपाबाई रोज फोन करायची. पट्टा आल्यापासून ते सुटलं. मोबाइलवर हिरवा ठिपका दिसला की आत्या ठीक आहे असं समजायचं आणि कामाला लागायचं.

त्या दिवशीही ठिपका हिरवाच होता. तिने सकाळी पाहिला, जेवताना पाहिला. संध्याकाळी फोन आला तो आत्याच्या शेजारणीचा. सकाळी न्हाणीघरातून बाहेर येताना आत्याच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. भिंतीचा आधार घेत ती हळूहळू खाली बसली, मग आडवी झाली. हाड मोडलं नाही, नशीब. पण शेजारीण सहज डोकावेपर्यंत अख्खा दिवस ती थंड फरशीवर पडून होती.

धपाबाई पोचली तेव्हा आत्याला पलंगावर निजवलं होतं. ओठ कोरडे पडले होते, एक हात सुजला होता.

"शेजारी हाक का नाही मारलीस गं? मध्ये भिंत ती एवढीशी."

"तूच म्हणालीस ना, नुसती पडून राहा म्हणून. वाट बघत होते तुझी. मग वाटलं, मलाच नीट पडता आलं नसणार. भिंत धरली ना मी. सोडून द्यायला हवी होती."

धपाबाईला ते ऐकवेना.

"भिंत धरायचीच असते, आत्या. माणूस तसंच पडतं. मीच चुकीची पडत होते. असं पडलं की हा वाजत नाही, हे मला एकदा दिसलं होतं. दिसूनही सोडून दिलं मी."

आत्या हसली. "माझं मन राखायला स्वतःवर घेतेस होय? लहानपणापासून अशीच तू."

चार शिव्या खायची तयारी करून ती आली होती. हे मात्र तिला सोसेना. ती पुन्हा सांगू लागली, पण आत्याने तिच्या हातावर थोपटून तिला गप्प केलं. शेवटी तिने आत्याच्या मनगटावरचा पट्टा सोडला.

"हा मी घेऊन जाते. उद्या साहेबांसमोर भिंत धरून पडून दाखवणार आहे. आता हा कुणालाही विकू द्यायचा नाही."

आत्या आपल्या मोकळ्या मनगटाकडे बघत राहिली. "मग मला काही झालं तर तुला कळणार कसं?"

"मी फोन करीन. सकाळ-संध्याकाळ."

"राहू दे गं. तुला वेळ कुठे असतो?"

आत्याने हे अगदी मायेने म्हटलं, त्यात टोमणा नव्हता. धपाबाईला मान वर करून तिच्याकडे बघता आलं नाही.