ग्लेनिसच्या बॉनेटवरचा हिरवा शब्द

ऑस्ट्रेलियातल्या वुरांडा गावात गाड्या धुवायचा वार शुक्रवार. शनिवारी फुटीची, म्हणजे तिथल्या फुटबॉलची, मॅच असते, मैदानाच्या कुंपणाला नाक लावून गाड्या उभ्या राहतात आणि बॉनेट साऱ्या गावाला दिसतं. ग्लेनिस पास्कोची पांढरी टोयोटा मुलगा रांगत होता तेव्हापासून स्कोअरबोर्डाशेजारच्या निलगिरीखाली उभी राहते. ती जागा तिला कुणी दिलेली नाही, पण ती बळकावायची कुणाची छातीही नाही.

या बाईबद्दल गावाची एकच तक्रार होती, की फुटी क्लबच्या कॅन्टीनमध्ये ती मटणाच्या करंजीसारख्या पास्टीवर सॉस हात राखून घालते. बाकी नवरा वारल्यावरही तिनं क्लबचा एक शनिवार चुकवला नाही. मग तिच्या मुलानं, ब्रोडीनं, घोळ घातला. शेजारच्या पोर्ट केसल गावच्या धान्य-गोदामात त्याला नोकरी लागली, तिथलीच मुलगी त्यानं पाहिली आणि यंदा तो त्यांच्या संघातून खेळायला लागला. पोर्ट केसल म्हणजे हाडवैरी. ब्रोडीला बोलायला ब्रोडी गावात नव्हता. आई होती, मग वड्याचं तेल वांग्यावर. कॅन्टीनच्या पाळ्यांमधून तिचं नाव गळलं. "यंदा जरा आराम कर," असं तिला सांगण्यात आलं, आणि ते तिला फार लागलं.

त्यानंतर एका सकाळी गाडीच्या बॉनेटवर हिरव्या ऑइलपेंटमध्ये हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं : गद्दार.

ग्लेनिसनं ते वाचलं, आत जाऊन चहा केला आणि तो तसाच गार होऊ दिला. रंग तिच्या ओळखीचा होता. क्लबच्या फाटकासाठी तो डबा दुकानातून तिनंच आणला होता, आणि फाटक रंगवलं होतं मैदान सांभाळणाऱ्या ट्रेव्हर नॅनकिव्हेलनं. ट्रेव्हर म्हणजे तिच्या नवऱ्याचा जिवलग मित्र. ब्रोडीला चेंडू कसा लाथाडायचा ते त्यानंच शिकवलेलं. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर तिनं चार शिव्या दिल्या असत्या आणि विषय संपवला असता.

विमा कंपनीतली मुलगी फोनवर लोण्यासारखं बोलत होती. पोलिसांत तक्रार नोंदवा म्हणाली, आमचा माणूस पाहून जाईपर्यंत रंगाला हात लावू नका म्हणाली. दुरुस्तीचे पहिले सहाशे डॉलर तुमच्या खिशातून जातील, पण करणाऱ्याचं नाव-पत्ता दिलात तर तेही माफ, आम्ही त्याच्याकडून वसूल करू. कुणावर संशय आहे का?

"विचार करून सांगते," ग्लेनिस म्हणाली.

कंपनीचा माणूस या भागात पंधरवड्यातून एकदा उगवतो. तोवर ग्लेनिस तो शब्द घेऊन वाण्याकडे गेली, पोस्टात गेली, रविवारी चर्चलाही गेली. चादर टाकता आली असती, पण चोराची आई असल्यासारखं तोंड लपवायला तिची तयारी नव्हती. लोक शब्द वाचायचे आणि मग ढग बघायला लागायचे. खाटकानं न बोलता दोन सॉसेज जास्त घातले, तेव्हा मात्र ती गाडीत बसून रडली.

शेवटी एका शुक्रवारी तो माणूस आला. त्यानं फोटो काढले, नखानं रंग खरवडून पाहिला आणि नाव विचारलं.

"नाही माहीत."

"नक्की? सहाशे वाचतील तुमचे."

"नाही माहीत म्हटलं ना."

बॉनेट नव्यानं रंगवून मिळेल, पण गॅरेजचा नंबर तीन आठवड्यांनी लागेल, असं तो म्हणाला. आता थिनरनं पुसलंत तरी चालेल. तो गेल्यावर तिनं शेडमधून थिनरची बाटली आणि फडकं काढलं. मग काचा धुतल्या, दारं धुतली, चाकं घासली. बॉनेट तेवढं सोडलं आणि बाटली-फडकं मागच्या सीटवर ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मॅच होती ती नेमकी पोर्ट केसलशी. तिनं गाडी निलगिरीखाली लावली, नाक मैदानाकडे. शेजारी नेहमीप्रमाणे ट्रेव्हरची गाडी होती. मध्यंतरात तो तिच्या खिडकीशी आला. मागच्या सीटवरची बाटली त्याला दिसली.

"ग्लेन, पुसून तरी टाकायचंस."

"मी कशाला? ज्यानं रंग लावलाय त्यानं पुसावा."

तो जरा वेळ बुटानं माती उकरत राहिला. "विमावाल्याला काय सांगितलंस?"

"माहीत नाही म्हटलं."

यावर तो आपल्या गाडीत जाऊन बसला.

शेवटच्या डावात ब्रोडीनं फार लांबून गोल मारला. पलीकडे पोर्ट केसलच्या गाड्यांनी हॉर्नचा गदारोळ केला. अलीकडे सामसूम. हॉर्न आपल्या संघाच्या गोलला वाजवतात, दुसऱ्याच्या नाही. आता वाजवला तर बॉनेटवरचा शब्द आपल्याच हातानं खरा केल्यासारखं होणार आणि कॅन्टीन कायमचं सुटणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण पोरगं तिचं होतं. तिनं तळवा हॉर्नवर ठेवला आणि चेंडू मधल्या वर्तुळात परत येईपर्यंत उचलला नाही.

वुरांडा हरलं. तिच्याकडे कुणी मान वळवून पाहिलं नाही. एकेक करून गाड्या निघून गेल्या. ग्लेनिस थर्मासमधला चहा ओतत होती, तेवढ्यात ट्रेव्हरनं तिच्या गाडीचं मागचं दार न विचारता उघडलं. बाटली आणि फडकं घेतलं आणि तो बॉनेट घासायला लागला. हिरवे ओघळ बंपरवरून गवतावर पडत होते.

"पाय अजून तसाच टाकतो तो," तो मान खाली घालूनच म्हणाला. "मी शिकवला तसा."

ग्लेनिस खाली उतरली. चष्मा लावून तिनं बॉनेट नीट पाहिलं.

"इथं कोपऱ्यात राहिलंय," ती म्हणाली.