रिकाम्या दिवशी गाडी कोणाची

मागचा एक्सल चेसिसखाली बसत नव्हता. दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं बाहेर येत होता. मी आणि अण्णा गाडीखाली उताणे पडलो होतो. जयरामदादा वरून वाकून बघत होते.

"काय झालं भाऊ? मोठा हाय का?"

"एक्सल पिकअपचा, गाडी जीपची," अण्णा खालूनच म्हणाले. "शेळीच्या मानेवर बैलाचं जू ठेवायला सांगताय तुम्ही."

"मग शेळी मोठी करा की."

अण्णा म्हणजे माझे मालक. नाशकात शिंगाडा तलावाजवळ त्यांचं गॅरेज होतं. मी आयटीआय करून तिथे मेकॅनिक म्हणून लागलो होतो. जयरामदादा सुरगाण्याच्या बाजूचे. डोंगरात त्यांचा पाडा. पाड्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

डांबरी रस्ता डोंगराच्या पायथ्याशी संपायचा. तिथून वर नुसते दगड, आणि एकच नदी दोनदा ओलांडायची. माणूस आजारी पडला की त्याला झोळीत घालून खाली आणायचे. बांबूला घोंगडी बांधायची, पुढे दोन खांदे, मागे दोन. जयरामदादांची सून सुमन आदल्या वर्षी अशीच झोळीतून निघाली होती. नदीच्या काठावरच बाळंत झाली. पोर जगलं नाही. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. भादव्यात भरणार होते. त्याआधी, नदीला पाणी असतानाही पाड्यापर्यंत चढेल अशी गाडी आम्हाला बांधायची होती.

तशा गाड्या शोरूममध्ये मिळत होत्या. पाड्याची वर्गणी आणि नाशकातल्या काही डॉक्टरांनी दिलेली मदत एकत्र केली तरी त्या गाडीच्या दारापर्यंत पोचत नव्हती. म्हणून जुळवाजुळव. देवळालीच्या लिलावात निघालेली एक जुनी जीप घेतली. तिचं पेट्रोल इंजिन मेलेलं होतं, पण फोर व्हीलचा गिअर शाबूत होता. फोर व्हील म्हणजे इंजिनाची ताकद फक्त मागच्या नाही, चारही चाकांना जाते. मागची चाकं चिखलात फिरत राहिली तरी पुढची गाडी ओढून काढतात.

डिझेल इंजिन आणि मागचा एक्सल मिळाला नामपूरला. कांद्याच्या गोण्या भरून सटाण्याकडे निघालेली एक पिकअप उलटली होती. मालकाने ताडपत्री बाजूला केली.

"गाडी पलटनी भाऊ, इंजिन नही पलटनं. इंजिन एक नंबर शे."

खरं बोलत होता. हँडल मारल्याबरोबर सुरू झालं.

मी आधी कागदावर काढली होती ती छोटी गाडी होती. मागे एक स्ट्रेचर, शेजारी दोघांना बसायला बाक. बास. जयरामदादांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला.

"हे एवढंसं?"

"पेशंट एक, सोबत दोन माणसं. अजून कशाला जागा?"

"आमचे कडं पेशंट एकटा नाय जात, भाऊ. मायबाप जातात. भाकरी करायला बाई जाते. भगत जातो. दोन चुलते जातात, भांडण असलं तरी जातात. दोन माणसांवर दवाखान्यात गेलेला म्हंजे पाड्यानं सोडलेला. तो मग खात नाय, औषध घेत नाय. भिंतीकडं तोंड करून पडतो."

मी कागद फाडला. जीपचं चेसिस मधून कापून लांब करायचं ठरलं. मागे ट्रकसारखा हौदा. मग जीपचा मागचा एक्सल त्या वजनाला पुरणार नव्हता, म्हणून पिकअपचा.

"मिल्या," अण्णा मला म्हणाले, "त्यांना झोळीएवढी गाडी पाहिजे. तू ट्रक बांधतोयस."

"लोकांची गाडी आहे अण्णा. लोक मावले पाहिजेत."

"वा! हे बॉनेटवर रंगव."

माझे वडील एकलहऱ्याला वीज केंद्रात फिटर. घरात युनियनची पत्रकं यायची, मी वाचायला त्यांच्यावरच शिकलो. अन्याय दिसला की माझा हात आधी पेनाकडे जातो, मग पान्याकडे. अण्णांना हे माहीत होतं आणि ते त्याची मजा घ्यायचे.

आता एक्सलचं सांगतो. एक्सल कमानीवर, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगवर बसतो. कमान जिथे टेकते ती जागा एक्सलला वेल्डिंगने जोडलेली असते. पिकअपच्या त्या जागा आमच्या कमानीशी जुळत नव्हत्या. त्या कापून आत सरकवल्या. सरकवताना कोन चुकला तर प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद एक्सलला पोचवणारा दांडा, तिरका फिरतो आणि त्याच्या सांध्यातले क्रॉस तुटतात. गाडी घाटात उभी राहते. मी तो कोन लाकडाच्या पाचरी लावून तपासला, चुकला, कापला, पुन्हा लावला.

मग दुसरी भानगड. एक्सलच्या पोटात क्राउन-पिनियन असतो, दातांची जोडी. शाफ्ट किती फिरल्यावर चाक एकदा फिरेल हे ती जोडी ठरवते. पुढचा एक्सल जीपचा, मागचा पिकअपचा. दोन्हींचं प्रमाण वेगळं. म्हणजे फोर व्हील टाकलं की पुढची चाकं एक म्हणणार, मागची दुसरं, आणि मधला गिअरबॉक्स फुटणार. मागच्याशी जुळणारी जोडी पुढे बसवायची होती. ती मालेगावच्या भंगारात हुडकली. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडायला मधली प्लेट सातपूरला लेथवर कातून घेतली. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या कमानीत दोन पाटे वाढवले. इंजिन बदलल्याची नोंद आरसी बुकात करून घेतली. त्या चकरा वेगळ्याच लिहाव्या लागतील.

जेठ संपत आला तेव्हा गाडी पाड्यावर चढली. पाड्यावरचाच हिरामण चालवत होता, मी शेजारी. नदी दुसऱ्यांदा ओलांडताना पाणी बंपरला लागलं आणि पुढची चाकं दगडावरून सरकली. हिरामणने माझ्याकडे पाहिलं. मी फोर व्हीलचा दांडा खाली ओढला. गाडी जरा थबकली, गुरगुरली आणि म्हशीसारखी शांतपणे बाहेर निघाली. वर बायकांनी तिला कुंकू लावलं. सुमन पुढे आली. पोट दिसायला लागलं होतं. तिने हौद्याच्या फळीवर हात ठेवला आणि विचारलं, "माझे वेळेला आडवं झोपता येईल ना?"

"येईल की. आणि सगळा पाडा शेजारी बसेल."

ती हसली. मी तिला हे वचनच दिलं होतं, असं आता वाटतं.

संध्याकाळी समाजमंदिरात बैठक झाली. प्रश्न एकच, डिझेल. गाडी बांधायला मदत मिळाली होती. चालवायला कोण देणार? मोठी गाडी, मोठं इंजिन, दोनदा नदी. एका फेरीला जेवढं डिझेल जायचं तेवढं पाड्याला झेपणारं नव्हतं. बैठकीत एक मुकादम बसला होता. तो डोंगरातून मजूर न्यायचा, गिरणाऱ्याकडे टोमॅटो खुडायला आणि थंडीत द्राक्षांच्या बागांवर. त्याने हात वर केला.

"डिझेल माझं. हिरामणचा पगार माझा. पेशंट असेल तेव्हा गाडी तुमची. रिकामी असेल तेव्हा माझी. बोला."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. त्यात चूक काय होती? गाडी रिकामी उभी राहून गंजण्यापेक्षा बरं, असंच कुणालाही वाटलं असतं.

आता हे नीट समजून घ्या. आधी मुकादमाची गाडी डोंगराखाली उभी राहायची. ज्याला मजुरीला जायचं त्याने पहाटे उतरून जायचं. लेकुरवाळी उतरत नसे, म्हातारी उतरत नसे, पोरं उतरत नसत. ती पाड्यावरच राहायची. मुकादमाला खाली ताटकळावं लागायचं, म्हणून मजुरीचा भावही थोडा पाड्याच्या हातात असायचा. आता त्याला वर चढणारी गाडी मिळाली. ती दारात उभी राहायची. म्हातारी बसली, लेकुरवाळी बसली, शाळेतली पोरं बसली. इतका मोठा हौदा, सगळे मावले. श्रावणात मास्तरांनी निरोप धाडला, वर्गात चार टाळकी उरलीत.

जीप छोटी राहिली असती तर तो मुकादम तिच्याकडे ढुंकूनही पाहता ना.

भादव्यात मी कमानीचे बोल्ट तपासायला गेलो. पायथ्याला गाडी नव्हती. चालत निघालो. नदी एकदा ओलांडली आणि वरून माणसं येताना दिसली. पुढे जयरामदादा. मागे खांद्यावर बांबू, बांबूला घोंगडी.

"गाडी कुठंय?" मी ओरडलो.

"गिरणाऱ्याला," दादा म्हणाले. "सकाळी गेली. तव्हा हिला काहीच नव्हतं."

पाड्यावर फोन नव्हता. गिरणाऱ्याला निरोप जाणार कसा? पेशंट असेल तेव्हा गाडी तुमची, असं ठरलं होतं. पेशंट कधी असेल हे आदल्या दिवशी सांगायची सोय कुणी करणार होतं का? मी बांबूला खांदा दिला. घोंगडीतून सुमनचा हात बाहेर आला होता. तिने कडेची दोरी घट्ट धरली होती. सोबत तिची आई, भगत आणि एक चुलता होता. बाकी पाडा टोमॅटोत होता.

नदीशी पोचलो तेव्हा खालून इंजिनाचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखतो. गाडी परतत होती, तीसेक माणसं घेऊन. हिरामणने आम्हाला पाहिलं आणि नदीच्या मधोमधच ब्रेक मारला. माणसं पाण्यात उड्या टाकून उतरली. कुणी काही सांगायची गरज पडली नाही. सुमनला हौद्यात आडवं ठेवलं. हौद्यात चिखल आणि फुटके टोमॅटो होते. आईने पदराने पुसून घेतलं.

हिरामणने गाडी त्या पाण्यात मागे घेतली आणि वळवली. तेवढ्या जागेत, दगडांवर. एक चाक हवेत, तीन चाकं धरून. पुढची-मागची जोडी एका शब्दात चालत होती. एक आवाज वेगळा आला नाही. एक क्रॉस तुटला नाही. मी आयुष्यात त्यानंतर इतकी चांगली गाडी बांधलेली नाही.

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरीण बाहेर आल्या. "आई ठीक आहे. बाळाचा श्वास आतच गेला होता. जरा लवकर आणायचं होतंत."

"गाडी नव्हती," मी म्हणालो.

त्यांनी दारातल्या गाडीकडे पाहिलं. "मग ही काय?"



परतल्यावर मी पत्रक लिहिलं. मुकादमाविरुद्ध. जळजळीत लिहिलं होतं. गाडी कोणाची, घाम कोणाचा, बाळ कोणाचं. शंभर प्रती काढल्या आणि पाड्यावर वाटायला नेल्या. हिरामणने एक वाचली. दोनदा वाचली.

"बरोबर लिहिलंस भाऊ. एकच सांग. याच्यानं डिझेल भरतं का?"

"हिरामण, तू मुकादमाच्या बाजूनं बोलतोस?"

"मी टाकीच्या बाजूनं बोलतो. टाकीत काटा तळाला हाय."

मी जयरामदादांना म्हणालो, करार मोडा, गाडी उभी करून ठेवा. दादांनी विडी पेटवली.

"उभी केली तर तिला डिझेल कोण घालील? आन् उद्या कुणी पडलं तर टाकी रिकामी. गाडीला नावं नको ठेवू भाऊ. गाडी बरी हाय."

मी नाशकात येऊन डॉक्टरांच्या दारात उभा राहिलो. गाडी बांधायला मदत देणारे तेच. ते चांगले लोक होते. म्हणाले, गाडीसाठी मदत मागता येते, गाडीवर नाव लिहिता येतं. डिझेल जळून जातं, त्यासाठी कोणी देत नाही.

थंडीत एकदा दिंडोरी रस्त्याला सिग्नलवर उभा होतो. आमची गाडी समोरून गेली. द्राक्षांच्या बागांकडे निघाली होती. हौद्यात माणसं दाटीने उभी होती. कडेला फळी धरून सुमन उभी होती. तिने मला पाहिलं, ओळखलं, हात केला. शेजारच्या बाईला काहीतरी सांगितलं. बहुतेक हेच, की ही गाडी यानं बांधली.

इंजिन सुरेख चाललं होतं.

त्यानंतर मी बऱ्याच गाड्या बांधल्या. कुणी संस्थेसाठी, गावासाठी गाडी बांधून घ्यायला आलं की मी एक्सलबद्दल शेवटी बोलतो. आधी विचारतो, ज्या दिवशी कुणी आजारी नसेल, त्या दिवशी ही गाडी कोणाची? बहुतेकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. ते म्हणतात, ते नंतर बघू.

मी पान्याची पेटी बंद करतो.