पंचवीस डिसेंबरची चौकशी

सर्व लहानथोरांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की प्रभू येशू ख्रिस्ताचा जन्म पंचवीस डिसेंबरला झालेला नाही. सबब झालेल्या करंज्या डब्यात बंद कराव्यात, लावलेले तारे उतरवावेत आणि पुढील आदेश येईपर्यंत कोणीही आनंद करू नये.

शब्द माझे आहेत, पण आशय आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका पंचाचा. सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा चिंचवडला आमची पस्तीसएक ख्रिस्ती घरं होती, बहुतेक नगरकडून कारखान्यांत नोकरीला आलेली. एका रविवारी उपासना संपली, लोक चपला शोधत होते, एकमेकांना सलाम घालत होते, तेवढ्यात हे गृहस्थ उठले आणि म्हणाले, "थांबा. मला काही सापडलं आहे."

आम्हाला वाटलं, कोणाची तरी छत्री.

गृहस्थ आमच्याच कंपनीत टूलरूमला फिटर होते. इंचाच्या हजाराव्या भागात काम करणारा माणूस. दोन हजार वर्षांच्या इतिहासालाही ते तेवढीच सूट द्यायचे. कासारवाडी स्टेशनवर कुणीतरी त्यांच्या हातात एक चोपडं दिलं होतं आणि ते वाचल्यापासून त्यांची झोप उडाली होती. आता आमची उडवायची होती. मी त्यांना संशोधक म्हणायचो. आधी पाठीमागे, मग तोंडावर. त्यांना ते आवडायचं, हे त्यातलं खरं दुःख.

तर संशोधकांनी सांगितलं, की रोमी लोक हिवाळ्यात सूर्याचा सण करायचे. मंडळीच्या पुढाऱ्यांनी तीनशे-चारशे वर्षांनी तोच दिवस उचलला आणि त्यावर येशूचं नाव लिहिलं. झाड जर्मनांचं. ईस्टरची तारीख चंद्रावरून काढलेली. अंडी तर विचारूच नका. पुढच्या रविवारी त्यांनी रविवारच काढला. हा सूर्याचा वार, म्हणाले. मागच्या बाकावरून एक म्हातारी म्हणाली, "मग सोमवारी येत जा की बाबा. आम्हाला एक दिवस शांतता."

आता यातलं पुष्कळसं खरं होतं, ही पंचाईत. आमच्या पाळकसाहेबांनाही ते ठाऊक होतं. ते एवढंच म्हणाले, "तारीख माणसांनी ठरवली. तो आला, हे आपण ठरवलेलं नाही." आणि सायकल घेऊन निघून गेले. पण संशोधकांचं एका वाक्यात भागणारं नव्हतं.

शिवाय ते इतिहास शोधायला रोमपर्यंत गेले, तेवढं लांब जायची गरज नव्हती. आमचा तारा पिंपरी कॅम्पातून यायचा. दिवाळीचे उरलेले आकाशकंदील सिंधी दुकानदार डिसेंबरपर्यंत माळ्यावर ठेवायचा, आणि आम्ही दिसलो की "साहब, आप का स्टार" म्हणून खाली काढायचा. आमच्या आजोबांनी देव बदलला; आजीने करंजी बदलली नाही, फक्त दोन महिने पुढे ढकलली. चकली, शेव, अनारसे, सगळे तिच्यामागून नाताळात आले. त्यांचा बाप्तिस्मा कोणी केला नव्हता, आणि कोणाची तक्रारही नव्हती.

मी त्याच कंपनीत टाइम ऑफिसला कारकून होतो. हजेरीची कार्डं, रजेचे अर्ज आणि एक सायक्लोस्टाइलचं यंत्र, एवढं माझं राज्य. संशोधकांनी चार पानांचा निबंध लिहून आणला. शीर्षक: "सणांचा खरा उगम". म्हणाले, पस्तीस प्रती काढून द्या, घराघरांत वाटतो. मी काढल्या. आणि इथे माझ्या हाताने माती खाल्ली.

मी छत्तिसावी प्रत काढली. तिच्यावर लाल पेन्सिलीने लिहिलं, "कंपनीतील प्रत्येक कामगाराने अवश्य वाचावे", आणि कॅन्टीनच्या फळ्यावर टाचली. का, असं विचारू नका. मला पाहायचं होतं, वाचताना लोकांची तोंडं कशी होतात.

तोंडं फार छान झाली. मशीन शॉपला चिखलीचा एक ऑपरेटर होता, घरची शेती, कामगारांचा प्रतिनिधी. तो चहाचा ग्लास हातात धरून सगळं वाचून गेला आणि एका मुद्द्यावर अडला. संशोधकांनी लिहिलं होतं, की येशूच्या जन्माच्या रात्री मेंढपाळ रानात होते, आणि डिसेंबरच्या थंडीत मेंढरं रानात असूच शकत नाहीत.

"ह्ये कुनी लिवलं?" तो ओरडला. "थंडीत मेंढरं रानात नसत्यात? मंग काय कपाटात ठेवत्यात? आत्ता माझ्या वावरात धनगर बसलाय, दोनशे मेंढरं घिऊन!"

संशोधक शेजारच्याच टेबलावर होते. "तिकडे त्या दिवसांत पाऊस असतो," ते म्हणाले.

"मंग धनगरानं घोंगडं घ्येतलं आसंल. राव, तुमी कदी मेंढरू पाळलंय का?"

कॅन्टीन हसलं. मी सगळ्यांत जास्त. आणि हसत होतो तेव्हाच पर्सोनेल ऑफिसर आले, फळ्यासमोर उभे राहिले, चारही पानं सावकाश वाचली, घडी घातली आणि खिशात टाकली.

आठवड्याने कळलं. मोठी ऑर्डर अडकली होती, महिनाअखेर माल द्यायचा होता. ऑफिसरांनी प्रस्ताव काढला: पंचवीस डिसेंबरला कारखाना चालू, त्याऐवजी संक्रांतीला सुट्टी. कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीत संक्रांत नव्हती, त्यामुळे शॉपभर तिळगूळ वाटल्यासारखा आनंद झाला. प्रतिनिधींची सही हवी होती, तेवढीच बाकी. आणि प्रस्तावाला कारण काय जोडलं होतं? "ख्रिस्ती कामगारांच्या स्वतःच्या संशोधनानुसार सदर दिवशी सदर जन्म झालेला नाही." टाइप करायला तो कागद माझ्याकडेच आला. मी तो टाइप केला. माझ्याच बोटांनी.

आता माझं दुखणं सांगतो. माझ्या पहिल्या मुलीचा बाप्तिस्मा पंचवीस डिसेंबरला ठरला होता. सासरची सगळी माणसं नगरहून एसटीने यायची होती. दोन सासवा, म्हणजे एक सासू आणि तिची थोरली बहीण, जी सासूपेक्षाही सासू होती. आणि मुलीचा बाप पहिल्या पाळीला हजेरीची कार्डं मोजत बसणार.

बायकोला सांगितलं. ती बाळाचं झबलं शिवत होती. सुई थांबली.

"कॅन्टीनमध्ये कागद कोणी लावला?"

"लावला कोणीतरी."

"लाल पेन्सिल कोणाकडे असते?"

मी शर्टाचा वरचा खिसा हाताने झाकला.

"तुमच्या हाताला खाज सुटली होती का हो? माझ्या मावशीला काय सांगू? की बाप्तिस्म्याला बाप येणार नाही, त्याने येशूचा वाढदिवस रद्द केलाय?"

मग म्हणाली, "सुट्टी परत आणा. कशी ते मला सांगू नका." आणि झबलं पुन्हा शिवायला घेतलं. तिच्या टाक्यांचा आवाज येत नव्हता, तरी मला ऐकू येत होता.

मी संशोधकांकडे गेलो. म्हटलं, तुम्ही ऑफिसरांना सांगा, की तो निबंध चुकीचा आहे.

"तो चुकीचा नाही," ते म्हणाले.

"मग असं सांगा, की अजून पक्कं ठरलेलं नाही."

"मी खोटं बोलणार नाही. सणासाठी तर नाहीच."

माणूस प्रामाणिक होता, हे मी कबूल करतो. फक्त एक बारीक गोष्ट. त्यांचा रजेचा अर्ज माझ्या फाइलमध्ये नोव्हेंबरपासूनच लागलेला होता. चोवीस आणि सव्वीस डिसेंबर, दोन दिवस. कारण: "नाताळनिमित्त गावी जाणे". मधला पंचवीस त्यांनी कंपनीवर सोडला होता. सूर्याच्या सणाला जायला संशोधकांनी तीन दिवसांची सोय केली होती, आणि बायकामुलांची एसटीची जागाही धरून ठेवली होती. मी अर्ज दाखवला. त्यांचे कान लाल झाले. "ते कौटुंबिक आहे," म्हणाले.

बैठक ऑफिसरांच्या खोलीत भरली. कामगारांचे दोन प्रतिनिधी: एक चिखलीकर, दुसरा मेंटेनन्सचा मुसलमान वेल्डर, ज्याच्या डोक्यावरून गॉगल कधी उतरत नसे. आमच्या बाजूने संशोधक आणि मी. टेबलावर निबंध, लाल पेन्सिलीसह.

ऑफिसर गोड बोलायचे. पुण्याच्या पेठेतले, प्रत्येक शब्द स्वच्छ धुऊन बाहेर काढायचे. "हे आपणच लिहिलंय ना?"

"होय," संशोधक म्हणाले.

"यात लिहिलेलं खरं आहे?"

संशोधकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "खरं आहे."

"मग जन्म झाला कधी?"

"बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबर."

"वा! दसरा आहेच त्या सुमाराला. सुट्टी आपण देतोच की. त्यातच साजरा करा." आणि त्यांनी सहीचा कागद पुढे सरकवला. "मी कोणाच्या धर्माच्या आड येत नाही. पण ज्या दिवशी जन्मच नाही, त्या दिवशी मशिनं बंद ठेवायची म्हणजे जरा... नाही का?"

इथे मी बोलायला हवं होतं. गावभर गप्पा मारणारा मी, चर्चच्या नाटकात तीन वर्षं हेरोद राजा झालेला मी. मी सहीच्या कागदात माझ्याच टाइपच्या चुका शोधत बसलो. डोळ्यांसमोर थोरली सासू एसटीतून उतरत होती.

वेल्डर म्हणाला, "साहेब, असं धरलं तर आमच्या ईदचं काय? ती तर चंद्र दिसल्यावर ठरते. चंद्राची सही आणू का?"

"तुमचा प्रश्न वेगळा आहे," ऑफिसर हसले. "ईदविरुद्ध कोणी निबंध लिहिलेला नाही."

मग सगळे चिखलीकराकडे पाहू लागले. त्याची सही झाली की संपलं. आणि त्याला संक्रांत हवी होती, हे मला माहीत होतं. वर्षातून एकदा तिळाची गरम गूळपोळी आणि तूप घरी बसून खायचं, म्हणून तो दर जानेवारीला माझ्याकडे खोटा ताप घेऊन यायचा. त्याने पेन उचललं. टोपण काढलं. निबंधाकडे पाहिलं, मग संशोधकांकडे, जे पार खाली मान घालून बसले होते. एरवी इंच मोजणारा तो माणूस त्या क्षणी एवढासा दिसत होता. मला त्यांची कीव आली, आणि माझी लाज वाटली. कागद त्यांनी लिहिला होता, पण फळ्यावर मी लावला होता, आणि ते तोंडातून काढायची हिंमत मला अजूनही होत नव्हती.

"साहेब," चिखलीकर म्हणाला, "येशूकडं जन्माचा दाखला न्हाई, म्हनून सुट्टी न्हाई. आसंच ना?"

"साधारण असंच."

चिखलीकराने पेनाला टोपण लावलं. नंतर सुट्टी राहिली, संक्रांतीला तो पुन्हा तापाने आजारी पडला आणि मी तो ताप मंजूर केला. बाप्तिस्माही ठरल्या दिवशी झाला, दोन्ही सासवांसमोर, आणि पाळकसाहेबांच्या हातातलं पाणी पोरीच्या आधी माझ्या डोळ्यांत दिसलं म्हणून बायको अजून चिडवते. पण ते सगळं झालं ते त्या खोलीत पुढच्या मिनिटात चिखलीकर जे ओरडला त्यामुळे. ऑफिसरांनी तो कागद मुकाट्याने खणात टाकला, तो हे ऐकूनच:

"मंग आमची नोकरीची कार्डं काडा की भाईर! माझा जलम एक जून, ह्या फिटरचा एक जून, त्या वेल्डरचा बी एक जून! शाळंत घालताना मास्तरानं विचारलं न्हाई न् आयेनं सांगितलं न्हाई, त्यानं दिलं ठोकून एक जून! म्हनून काय आमी जलमलोच न्हाई व्हय?"