जखमींची वही

साखरेमुळे माझ्या पायाची जखम भरत नाही. ती धुऊन बांधायला मी कान्हे गावातल्या एका कंपाउंडरकडे जाते. त्याचा हात हलका आहे. पट्टीची गाठ मारली की तो तिच्यावर दोनदा बोट टेकवतो. पण कुणाचंही नाव विचारत नाही. बाया म्हणतात, शिष्ट आहे.

परवा मी म्हटलं, "दोन वर्सं पाय धुतुयास, माजं नाव तरी ठावं हाय का रं?"

"नगं मावशी, सांगू नका."

मग खाली बघतच तो बोलला. पूर्वी तो परमुलखात एका मदत संस्थेच्या दवाखान्यात होता. तिथली लढाई संपल्यावर, आपल्याविरुद्ध लढलेल्यांना धरायला तिथल्या सरकारनं संस्थेकडे जखमींची नावं मागितली. संस्थेनं दिली नाहीत. सरकारनं दोन दिवसांत संस्थेच्या सगळ्या माणसांना देशाबाहेर काढलं.

"संस्थेनं बरं केलं की."

"व्हय. पर दवाखान्याला कुलूप सरकारनंच लावलं. नावांची वही आतच ऱ्हायली."

"कुणी लिवली हुती?"

"म्याच."

वहीतल्या माणसांचं पुढे काय झालं, हे त्याला अजून कळलेलं नाही. मी त्याला उगाच धीर दिला नाही.