इनेजबाईंचे मिनिट्स

आखातातल्या फुजैराच्या बंदरात जहाजांना तेल पुरवणाऱ्या एका कंपनीत वसईच्या इनेज तुस्कानो अठरा वर्षं सेक्रेटरी आहेत. कॉलेजात असताना त्यांना एका इंग्रज विनोदी कादंबरीकाराचं वेड लागलं होतं. त्याच्याकडून त्या एक गोष्ट शिकल्या. माणसाची गंमत दाखवायची तर पदरचं काही घालायचं नाही, तो बोलेल ते तसंच लिहायचं.

मीटिंगचे मिनिट्स, म्हणजे इतिवृत्त, त्या तसेच लिहीत. एरवी ते कोणी वाचत नसे. पण गेल्या वर्षी मीटिंगा कमी कशा कराव्यात यावर तीन तास मीटिंग झाली आणि त्यासाठी दर सोमवारी भेटायचं ठरलं. इनेजबाईंनी ते शब्दन् शब्द लिहून सगळ्यांना पाठवलं. ऑफिसभर खसखस पिकली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर सामंतांनी केबिनमध्ये बोलावलं. आता खलास, असं मनाशी म्हणत त्या आत गेल्या.

"हे सगळं मी बोललो?" सामंतांनी विचारलं.

"हो सर. एक शब्द माझा नाही."

सामंतांनी कागद पुन्हा वरपासून वाचला. मग खुलले. "इतकं मुद्देसूद बोलतो मी? हेड ऑफिसला पाठवून द्या."

हेड ऑफिसनं सामंतांना शाबासकी दिली. घरी हे ऐकून नवरा एल्रॉय पोट धरून हसला. इनेजबाईंना मात्र जरा वाईटच वाटलं, कारण सामंत माणूस भला होता. सोमवारच्या मीटिंगमध्ये ते मुद्दाम सावकाश बोलले, बाईंना नीट लिहून घेता यावं म्हणून.