मायनं उपटलेली ओळ

झरीच्या बस थांब्यावर मी बॅगा घेऊन उभी होते आणि माय माझ्याशी बोलत नव्हती. तिनं पांढऱ्या फडक्यात ज्वारीचं बी बांधून आणलं होतं. उभ्या रानातून फिरून, चांगल्यातली चांगली कणसं वेगळी काढून, घरीच मळून ठेवलेलं बी. आणि मी ते न्यायला नकार दिला होता. दुसऱ्या देशात बियाणं असं पिशवीत घालून नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात, शेतीची पदवी घेतलेल्या पोरीनंच हा गुन्हा केला तर कसं व्हायचं, असं सगळं मी तिला समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाँब हाय का त्यो?"

परभणीची गाडी वळणावर आली तेव्हा दशम्यांचा डबा माझ्या हातात कोंबत म्हणाली, "रिकाम्या हातानं जायलीस. तिकडं काय पेरशील?"

मी म्हणाले, "माय, मी पेराया न्हाई, शिकवाया चालले."

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. हे वाक्य आठवलं की आजही माझी कानशिलं गरम होतात.

गावात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारखं लांब जाऊन पोट भरणाऱ्यांनो, मी झरी सोडून कुठं गेले हे तुम्हाला माहीत आहे. तिथं जाऊन काय केलं, हे मात्र कुणी विचारत नाही. सुट्टीवर आले की पगार किती आणि लग्न कधी, एवढे दोनच प्रश्न असतात. काय पेरलं, काय उगवलं, हे फक्त माय विचारते. म्हणून हे लिहिते आहे.

नायजेरियाच्या ईशान्येला नुमान नावाचं गाव आहे, बेन्वे नदीच्या काठी. एक कंपनी तिथल्या छोट्या शेतकऱ्यांकडून ज्वारी विकत घेत असे. दोन एकर, तीन एकरवाले शेतकरी. त्यांचं पीक वाढावं म्हणून कंपनीला ज्वारी कळणारं माणूस हवं होतं. परभणीची पोर म्हटल्यावर मुलाखतीत मला फार काही विचारलंच नाही. मलाही त्यात नवल वाटलं नव्हतं.

पोचले त्या आठवड्यात मी पहिल्यांदा नदीकाठच्या रानात गेले आणि थबकले. काळीभोर जमीन. मूठभर माती उचलून दाबली, गोळा झाला. हातातून सोडला, फुटला. वाफसा! पेरणीला हवी तेवढीच ओल. मी तिथूनच मायला फोन लावला, "माय, हितं आपलीच माती हाय." ती म्हणाली, "माती आपली कशी आसंल? ज्याची त्याची आसती." मी हसून सोडून दिलं.

त्या रानाची मालकीण मामा लादी. तिकडं मोठ्या बाईला मामा म्हणतात, आई या अर्थानं. पन्नाशीची विधवा बाई, उंच, कमी बोलणारी, एकटीच्या हिमतीवर चार एकर करणारी. माझे वडील मी सातवीत असताना गेले आणि तेव्हापासून आमची पाच एकर मायच बघते. त्यामुळे मामा लादीकडे पाहिलं की मला परकं वाटायचं नाही. तिची हौसा भाषा मी सहा महिन्यांत मोडकीतोडकी बोलायला लागले. पावसाळा सरत आला तेव्हा एक दिवस पाहते तर तिनं घरामागच्या वाफ्यात ज्वारीची रोपं टाकलेली. कांद्याची टाकतात तशी!

मला हसू आवरेना. ज्वारीची लावणी? आमच्याकडे भाताची करतात, कांद्याची करतात. ज्वारी तिफणीनं पेरायची, एवढं आमच्या जिल्ह्यातल्या बकरीलाही ठाऊक आहे. तिथली रीत अशी, की पावसाळ्यात नदीचं पाणी रानात पसरतं. ते ओसरलं की लोखंडी टोकाच्या जाड काठीनं खोल भोक पाडायचं, त्यात पाणी ओतायचं आणि महिन्याभराची दोन-दोन रोपं खोचायची. एकेका रोपासाठी वाकायचं, अख्खं रानभर. मला वाटलं, बिचाऱ्या बाया उगाच कंबर मोडून घेतात. यांना तिफण माहीत नाही, दुसरं काय!

मी शहरातून तिफण बनवून घेतली आणि बारा शेतकऱ्यांना गळ घातली की अर्ध्या रानात माझ्या पद्धतीनं पेरा. मामा लादी बराच वेळ त्या तिफणीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एवढ्या लांबून आलीस, तर काहीतरी येत असेलच तुला." आणि तिनं नदीकडची अर्धी जमीन मला दिली. वर्षभराचं तिचं खाणं त्या चार एकरांतून यायचं. हे मला माहीत होतं, पण माझ्या डोक्यात शिरलेलं नव्हतं.

उगवण काय सुंदर झाली! मी फोटो काढून झरीला पाठवले. मग हर्मटान सुरू झाला. सहाऱ्यातून येणारा कोरडा, धुळीचा वारा. ओठ फुटतात, कातडी तडकते, कपडे वाळत टाकेपर्यंत वाळतात. आपल्याकडे रब्बीची ज्वारी ओलीवर आणि थंडीवर येते, पहाटे पानं दवानं चिंब असतात. तिथं दव नावाची गोष्टच नाही. वरची माती चार दिवसांत सुकली, माझ्या कोवळ्या ज्वारीची मुळं खालच्या ओलीपर्यंत पोचलीच नाहीत, आणि वीतभर वाढलेलं पीक उभ्या उभ्या करपलं. शेजारीच मामा लादीची हातानं लावलेली अर्धी ज्वारी हिरवीगार उभी. तिची मुळं मुळात ओलीतच खोचलेली होती. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही ती सीमारेषा दिसत होती. बारा रानांत, बारा रेषा.

कचेरीतून सांगण्यात आलं की अहवालात पाऊस कमी पडला असं लिही, दरवर्षी काही ना काही होतच असतं. मी तसं लिहिलं नाही. चूक माझी आहे असं लिहिलं, आणि पुढच्या वर्षी आपल्याला कुणी ठेवत नाही हे धरून चालले. मग मायला फोन केला आणि रडले.

तिनं मला पुरतं रडूही दिलं नाही. "पेरायच्या आगुदर त्या बाईला इचारलंस का?"

"न्हाई."

"तिची माती, तिचं वारं. उद्या माझ्या रानात कुणी सायेब यिऊन पेरणी कशी करावी सांगाया लागला तर म्या ऐकून घिईन का?" मग तिनं विचारलं, "भुईला भेगा पडल्यात का?"

"लय."

"मंग रडत कामून बसलीस? आजून रोप मिळत आसंल तर लाव, आन् कोळप. भेग बुजली की वल आत ऱ्हाती."

दुसऱ्या दिवशी मी मामा लादीच्या दारात गेले. काय बोलायचं ते हौसामध्ये पाठ करून गेले होते, पण "चुकले" एवढंच तोंडातून निघालं. ती उठली आणि मला घरामागे घेऊन गेली. वाफ्याच्या एका कोपऱ्यात तिनं जास्तीची रोपं राखली होती, रोज सांडपाणी घालून जगवलेली. माझ्यावर भरोसा नव्हता म्हणून ठेवली, हे तिनं नंतर हसत हसत सांगितलं. तेव्हा मात्र तिनं फक्त काठी माझ्या हातात दिली.

मी भोकं पाडली. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी ते फुटले, तिसऱ्या दिवशी मला ती काठी कशी धरायची हे कळलं. रोपं सगळ्या बारा घरांना पुरली नाहीत, पण ज्यांच्याकडे दुसरा आधार नव्हता अशा पाच जणींना पुरली. वेळ निघून गेली होती. आता प्रश्न खालची ओल टिकवण्याचा होता आणि भेगा तर रोज रुंदावत होत्या.

इथं मला जे येत होतं ते कामाला आलं. आपल्याकडे ज्यांना बैलजोडी परवडत नाही ते सायकलचं कोळपं वापरतात. जुन्या सायकलचं पुढचं चाक, मागे दांडा, खाली पास म्हणजे लोखंडी आडवं पातं. एक माणूस ढकलत जातो, पास वरची माती हलवते आणि भेगा बुजतात. आमच्या घरी ते आहेच, त्याच्यावर माझे कॉलेजचे सगळे रविवार गेले. नुमानच्या बाजारातल्या लोहाराला मी जमिनीवर चित्र काढून दाखवलं. त्याची पहिली पास फार रुंद झाली आणि दोन रोपं कापून बसली. दुसरी जमली. मी पुढे आणि मामा लादी मागून बघत, असं आम्ही तिचं अर्धं रान कोळपून काढलं. संध्याकाळी तिनं भेगेच्या जागी हात खुपसला, खालून माती उकरून काढली, दाबली आणि माझ्यासमोर धरली. ओल होती. बाई माझ्याकडे बघून पहिल्यांदा मनापासून हसली.

चमत्कार वगैरे झाला नाही. कणसं लहान आली, पण भरली. पाचही जणींचं वर्ष निघालं. कंपनीनं मला ठेवलं. चूक कबूल करणारा माणूस त्यांना नवा होता, असं वरिष्ठ म्हणाले. आणि पुढच्या हंगामात मी बाजारात गेले तर लोहाराच्या दुकानासमोर ओळीनं कोळपी टांगलेली. लोक त्याच्याकडे येऊन "झरी" मागत होते. ही वस्तू कुठली, असं त्यानं मला विचारलं होतं तेव्हा मी गावाचं नाव सांगितलं होतं, ते त्यानं कोळप्यालाच देऊन टाकलं. आमच्या भागातल्या ताडकळसच्या बाजारात आमची झरी सांगितली तर लोक विचारतात, तुमचं घर कोणत्या आळीत? म्हणजे जात कोणती? आणि इथं हजारो मैलांवर माणसं दोन हातांनी झरी ढकलत होती. मी तिथंच भर बाजारात रडले आणि हसले, आणि लोहारानं मला पाणी दिलं.

तेव्हापासून मी शिकवते कमी, विचारते जास्त. माझी भाषाही आता धड एका गावची राहिली नाही. झरीत आले की "बरं" ऐवजी तोंडातून हौसातलं "तो" निघतं, आणि तिथं ठेच लागली की "अगं माय!". ज्वारीच्या पिठाचा घट्ट गोळा आणि गोरखचिंचेच्या पाल्याचं सार मी चवीनं खाते. पण तीच ज्वारी थापून भाकरी केली की मामा लादी एवढी पातळ कशाला म्हणून नाक मुरडते.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. तुम्ही सगळ्यांनी ती सोसली आहे. पाऊस थांबायचं नाव घेईना. ओढ्याकाठची आमची दोन एकर, आजोबांनी गायरानातून कसत कसत मिळवलेली, तळं होऊन बसली होती. सोयाबीन गेलंच होतं. सप्टेंबर संपत आला आणि मायचा फोन आला. नेहमीसारखा आवाज नव्हता.

"शोभे, औंदा रब्बी बी जातीय बघ. वाफसा यिईस्तवर पेरायचा टाइमच निघून जाईल."



मग ती म्हणाली, "ती तुझी बाई... रोप किती दिसाचं झालं की उपटती? इचार बरं तिला."

सगळ्या शिवारात ज्वारी कुणाची बघावी तर आमच्या मायची. विद्यापीठातून आलेल्यांनाही तिनं कधी दोन वाक्यं पूर्ण करू दिली नव्हती. ती विचारत होती.

मायनं घरामागच्या उंचवट्यावर वाफे केले. महिन्याभरानं पाणी ओसरलं तेव्हा ती, माझी भावजय सुनीता आणि चार बाया पहार घेऊन रानात उतरल्या. बांधावरून जाणारे थांबून थांबून हसत होते. एक जण ओरडून म्हणाला, "काकू, जवारीची लावणी करायलाव का? उद्या गहू बी लावताल!" माय म्हणाली, "लावीन. तू हुभा ऱ्हा, तुला बी लावते."

सुनीतानं त्याच वेळी मला व्हिडिओ कॉल केला. मी इकडे मामा लादीच्या रानात होते. तिचीही लावणी चालू होती. मी फोन तिच्यापुढे धरला. एका पडद्यावर चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेल्या दोन बाया, एकमेकींची भाषा एक अक्षर न येणाऱ्या.

"सन्नु दा आयकी," मामा लादी म्हणाली. राबणाऱ्या माणसाला तिथं असंच म्हणतात, तुझ्या कामाला माझा नमस्कार.

मी सांगितल्यावर मायनं हात लुगड्याला पुसला आणि फोनला म्हणाली, "जयभीम." आणि मग मला, "तिला म्हण, नीट लागलीत का बघ."

सुनीतानं ओळीओळीवरून फोन फिरवला. मामा लादी डोळे बारीक करून बघत होती. दुसऱ्या ओळीपाशी तिनं थांबवलं. उथळ लागली आहेत, म्हणाली, वारा आला की ही ओळ जाईल. मी ते मायला सांगितलं, जरा भीत भीतच.

माय त्या ओळीकडे बघत उभी राहिली. तिनं कुणाच्या सांगण्यावरून लावलेलं पीक मोडल्याचं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मग ती वाकली, ओळीच्या पहिल्या टोकापासून एकेक रोप उपटलं आणि पहार पुन्हा खोल मारायला लागली.

तुझं घर कुठं, असं लोक मला अजून विचारतात. झरी, म्हणते मी. पण आता घर म्हटलं की मला ना घराचं दार दिसत ना गावची वेस. मला माझी माय दिसते, ओढ्याकाठच्या रानात वाकलेली, एका परक्या बाईचं माझ्या तोंडून ऐकून आपली ओळ नव्यानं लावणारी.