पायलीभर ज्वारी आणि एक बाई

महानंदाकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी तराजूतलं किलोचं लोखंडी माप मानेला लावून धरलं होतं. समोर साखर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक ताटकळत उभं, आणि काकू डोळे मिटून ते गार माप मानेवरून गळ्यावर, गळ्यावरून गालावर फिरवतायत. "थांबा जरा, माझं ऊन आलं," एवढंच त्या म्हणाल्या. माघ महिना होता, मी स्वेटर घालून गेले होते. ऊन ओसरल्यावर त्यांनी माप पदराला पुसलं, तराजूत ठेवलं आणि काही घडलंच नाही अशा थाटात साखर जोखून दिली. मी नुकतीच बदलून पूर्णेच्या शाळेत आले होते आणि या दुकानाच्या माडीवर बिऱ्हाड करायचं मनात होतं. खरं सांगते, मला वाटलं, घरमालकीणबाई जरा सटकलेल्या दिसतात.

सटकलेल्या नव्हत्या. पन्नाशीला आल्या होत्या, पाळी जायच्या वळणावर होत्या, आणि ते लपवत नव्हत्या, इतकंच. आमच्याकडे बाई हे वय तोंड मिटून काढते. घरातल्यांना ती फक्त चिडकी झालेली दिसते, आणि शेजारणींना चर्चेला विषय मिळतो. काकूंना मात्र कपाळावर भस्म लावून गल्ल्यावर बसलं की कशाचीच भीड उरत नसे. आप्पा, म्हणजे त्यांचे यजमान, गरीब स्वभावाचे. ते खालच्या आवाजात विनवायचे, अगं हळू बोल, गिऱ्हाईक ऐकतंय. काकू म्हणायच्या, "ऐकू द्या की. गिऱ्हाईकाला बी आई असती." आणि कुणी हळहळत म्हणालंच की आता संपलं हो आपलं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "सारं दुकान बंद झालं न्हाई, एक फळी लावलीय."

परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. त्या दिवसापासून काकू आप्पांचे जुने कॅनव्हासचे बूट पायात चढवून पहाटे नदीच्या अंगाला निघू लागल्या. लुगडं घोट्याच्या वर, पायात पुरुषी बूट, आणि चाल अशी की मागून येणाऱ्यानं धापा टाकाव्या. मला त्यांनी दोनदाच विचारलं. तिसऱ्या दिवशी माडीच्या जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, याच रस्त्यानं तुमाला बी यायचंय. आत्ताच पाय मोकळे करा." माझी पस्तिशी होती, मला राग आला होता, तरी मी गेले. हळूहळू रेल्वे क्वार्टरमधल्या दोघीतिघी आल्या, बाजारातल्या व्यापाऱ्यांच्या बायका आल्या. चालता चालता ज्या गोष्टी घरात बोलायची सोय नव्हती त्या मोकळ्या होऊ लागल्या. झोप उडते, छातीत धडधडतं, उगाच रडू येतं. एकीला वाटत होतं आपल्यालाच वेड लागतंय. दुसरीनं तेच सांगितलं तेव्हा ती रस्त्यातच हसत सुटली.

दुकानासमोर कौसा भाजी घेऊन बसायची. चुडाव्याची, थोडीशी शेती, सकाळच्या पॅसेंजरनं टोपली घेऊन यायची. एक दिवस तिनं काकूंना सांगितलं की येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी तिची पिशवी काढायची ठरलीय. रात्री घामानं अंथरूण ओलं होतं, पाळीचा नेम राहिला नाही, म्हणून कुठल्याशा दवाखान्यात गेली होती. तिथं तपासणी धड न करताच सांगितलं, गर्भाशय काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल. खर्चासाठी दुभती म्हैस विकायची बोलणी झाली होती. काकूंनी विचारलं, परभणीच्या बाईंना एकदा दाखवलंस का? कौसा म्हणाली, "धनी ऐकत न्हाईत. एकदाच काढून टाकू, कटकट जाईल मनतेत." तिच्या आवाजात तक्रारही नव्हती. भीतीनं ती पार सुकली होती.

काकूंनी तिच्या नवऱ्याला, नामदेवला, दुकानात बोलावून विषय काढला. त्यानं मान खाली घातली आणि बायकांच्या गोष्टी आमच्याशी बोलू नका, म्हणाला. निघून गेला. आम्हाला वाटलं, काकू स्वतः कौसाला परभणीला नेतील, त्यांना काही जड नव्हतं. पण त्यांचा हिशेब वेगळा होता. "एकटीला नेलं की ती उपकाराखाली येती, आन् गावात बोभाटा होतो. डॉक्टरीणबाईलाच हितं आणू. समद्या बायका आल्या की कुनी कुनाकडं बघत न्हाई." तपासणीला, औषधांना पैसा लागणार होता. काकूंनी जाहीर केलं की रविवारी पूर्णेपासून चुडाव्यापर्यंत चालायचं, आणि चालणाऱ्या प्रत्येक बाईच्या घरानं पायलीभर ज्वारी द्यायची. ज्वारी मोंढ्याच्या बाजारात विकून त्यापुढच्या शनिवारी शिबिर.

ज्वारीची काढणी झालेली, घराघरात धान्य होतं. दुकानाच्या दारात पोती भरू लागली. एका बड्या आडत्याच्या बायकोनं गड्याबरोबर दोन पायल्या पाठवल्या आणि निरोप दिला, यायला काही जमायचं नाही. काकूंनी गड्याला तिथंच थांबवलं. "ज्वारी आली, बाई कुठं हाय? परत घेऊन जा." आप्पा म्हणाले, अगं आलेलं धान्य कुणी परत करतं का? व्यापारी माणूस, त्यांच्या जिवावरच आलं ते. पण रविवारी पहाटे ती आडत्याची बायको नवी कोरी चप्पल घालून हजर होती, आणि अर्ध्या वाटेत ती चप्पल हातात घेऊन सगळ्यांच्या पुढं चालत होती.

चुडाव्यात जे झालं ते आमच्याच भागात होऊ शकतं. पुढं गेलेल्या कुणा मोटारसायकलवाल्यानं गावात सांगितलं, पूर्णेच्या बायकांची पदयात्रा यायलीय, पुढं भस्म लावलेली बाई हाय. झालं. गावानं ठरवलं, महादेवाचीच यात्रा. आम्ही वेशीशी पोचलो तर देवळावरचा कर्णा भजन म्हणतोय, चुलीवर खिचडीचं पातेलं चढलंय, बायका ओवाळायला ताटं घेऊन उभ्या. आणि पाय धुवायला परात आणि पाण्याची घागर घेऊन जो माणूस वाकला होता तो नामदेव. काकूंना पाहून तो चपापला, पण यात्रेकरूचे पाय धुतल्याशिवाय मागं कसं सरायचं? हळूच म्हणाला, "बूट काढा, काकू."

काकूंना गप्प बसून पाय पुढं करता आले असते. खिचडी खाऊन आम्ही पुण्यवान म्हणून परत आलो असतो. मी तर मनातल्या मनात म्हणत होते, बाई, आता काही बोलू नका. काकू बोलल्या. "थांब नामदेव. आमी देवाला निघालो न्हाई. खोटं पाणी माझ्या पायावर नको."

"मग कशाला चालायलाव?"

"पाळी जायच्या वयात बाईच्या अंगातनं आग निघती, झोप जाती, जीव घाबरा होतो. ते दुखणं न्हाई, वय हाय. पण आपन न तपासताच पिशव्या काढायलाव. ते तपासायला शनिवारी डॉक्टरीणबाई येणार हाय, त्यासाठी ज्वारी गोळा करायलाव. तुझ्या कौसाला पाठव. काढायची गरज निघाली तर मीच मनीन, काढ."

पुरुषमंडळी इकडंतिकडं पाहू लागली. कर्ण्यावाल्यानं काय समजून भजन बंद केलं कोण जाणे, त्यानं शांतता आणखीच अवघड झाली. नामदेव घागर हातात धरून तसाच वाकलेला. लाजेनं की रागानं, त्याचे कान लाल झाले होते. तो आता घागर आपटून जाणार, आणि कौसाची शेवटची वाट बंद होणार, असं मला वाटलं. ओवाळायला आलेल्या बायकांत कौसा होती. ती ताट घेऊन बायकांच्या मागं सरकली.

तेवढ्यात नामदेवची आई, सोजराबाई, काठी टेकत पुढं आली. सत्तरीच्या पुढची, वाळकी म्हातारी. ती काकूंशी नाही, लेकाशी बोलली. "मला बी असंच व्हायचं. थंडीत मी रांजणाला पाठ लावून बसायचे. तुझ्या बापाला वाटलं लागीर झालंय, देवऋषी आनून मला लिंबाच्या फोकानं झोडपलं. आज कळायलंय मला काय झालतं ते." मग थोडा दम खाऊन म्हणाली, "देवाला न्हाई तर न्हाई. घाल पाणी."

नामदेवनं पाणी घातलं. बूट काढू द्यायलाही थांबला नाही, आणि घागर अख्खी रिकामी केली. काकू परतीच्या पॅसेंजरपर्यंत पचपच वाजणाऱ्या बुटांनी चालल्या आणि गाडीत बसल्यावर पहिल्यांदा खळखळून हसल्या. मी त्यांचा हात घट्ट धरून बसले होते. इतका अभिमान मला आजवर कुणाचा वाटला नाही.

शनिवारी शिबिराला पूर्णेतल्या मठाची ओसरी बायकांनी भरून गेली. चुडाव्याच्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आल्या, ट्रॅक्टर चालवायला नामदेव. एका बाईची गाठ खरोखरच काढण्याजोगी निघाली. काकूंनी शब्द फिरवला नाही, उरलेल्या ज्वारीचा पैसा तिच्या ऑपरेशनला दिला. कौसाची तपासणी, सोनोग्राफी सगळं झालं. ती बाहेर आली, आणि जी बाई नवऱ्यापाशीही हळू बोलायची ती भरल्या ओसरीत म्हणाली, "बायांनो, माझी पिशवी चांगली हाय. कुनाला देणार न्हाई मी." ओसरी नुसती हसत होती. काकूंनी हसत हसतच पुढच्या बाईला आत पाठवलं.

आता माझीही पंचेचाळिशी उलटलीय, आणि काकू लेकीकडे लातूरला असतात. तिथल्या कॉलनीतल्या बायकांनाही त्यांनी घराबाहेर काढलंय, असं लेक कौतुकानं कुरकुरत सांगते. परवा फोनवर मी माझी झोप उडाल्याचं सांगितलं तर धीर वगैरे काही दिला नाही, उद्या किती वाजता निघताय ते विचारलं. आमच्या बायका गेल्या वर्षी तशाच शिबिरासाठी पोखर्णीला चालत जाऊन आल्या, आणि ज्वारीची पोती सोजराबाईंच्या अंगणात भरली.

पण मला आठवतो तो सोमवार. कौसाला ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायचं ठरलं होतं तो. मी शाळेतून परतत होते. ती दुकानासमोर नेहमीच्या जागी मेथीच्या जुड्या मांडून बसली होती, आणि एका पोलीसपाटलाशी जुडीच्या भावावरून असं कडाक्याचं भांडत होती की शेवटी त्यानंच पडतं घेतलं.